आप्पांचा हात जुळला, मग मायचा गुडघा का नाही?

प्रश्न: नमस्कार सर. मागच्या दिवाळीत आमचे आप्पा कापसाच्या गाडीवरून पडले आणि मनगट मोडलं. सत्तरीचे आहेत, तरी सहा आठवडे प्लास्टर आणि आता परत पाण्याची बादली उचलतात. पण मायचा गुडघा पाच वर्षांपासून दुखतोय, डॉक्टर म्हणतात गादी झिजली, ती परत येत नाही. माय रोज विचारते, "त्यासनं हाड जुडी गयं, मनाच गुडघा का बरा व्हत नही?" हाड एवढं कडक असून जुळतं, मग मऊ गादी का भरत नाही?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर: मायला सांगा, तुमचा प्रश्न फार जुना आहे. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की सांध्यातली कूर्चा, म्हणजे तुम्ही म्हणता ती गादी, एकदा गेली की भरून येत नाही.

आपल्या डोक्यात असं बसलंय की कडक ते मेलेलं आणि मऊ ते जिवंत. हाड म्हटलं की आपल्याला बांधावर पडलेला वाळका सांगाडा आठवतो ना, तिथेच गडबड होते. अंगातलं हाड ओलं असतं, त्यातून रक्त वाहतं, कापलं तर ते चक्क रक्ताळतं.

चोपडा-रावेरकडे केळीच्या शेतात कधी गेलात तर घड काढल्यावर आडवा पडलेला खांब विळ्याने कापून बघा, एकात एक बसलेली सोपटं दिसतील. हाडाचा कडक भाग साधारण तसाच असतो, फक्त एका खांबाची रुंदी पाव मिलीमीटरच्या आसपास आणि असे हजारो खांब शेजारी शेजारी दाटून उभे. मधोमध एक नळी, तिच्यातून रक्तवाहिनी जाते, हिला हॅवर्सची नळी म्हणतात कारण क्लॉप्टन हॅवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६९१ मध्ये हाडातल्या या वाटांचं वर्णन छापलं. नळीभोवती थर, आणि गंमत अशी की एका थरातले धागे एका दिशेला तिरपे तर पुढच्या थरातले दुसऱ्या दिशेला, म्हणून पिळ बसला तरी हाड चटकन उकलत नाही.

आता पेशी कुठे असतात? थरांच्या सांध्यात बारीक बारीक खोल्या असतात, एका खोलीत एक अस्थिपेशी. ती चारी बाजूंनी चिणलेली असते पण तिला खूप सारे केसासारखे हात असतात, ते बारीक बोगद्यांतून शेजारणीच्या हातापर्यंत पोचतात. तुमच्याकडे ठिबक असेलच, तर मधली नळी म्हणजे मेन लाइन आणि हे बोगदे म्हणजे लॅटरल असं धरा. मेन लाइनमधलं अन्न या लॅटरलमधून अगदी कडेच्या पेशीपर्यंत जातं. शिवाय हाडाला बाहेरून एक पातळ आवरण असतं, त्यात रक्तवाहिन्या, नसा आणि नवीन हाड घालणाऱ्या पेशींचं बियाणं. (नडगीला खाटेचा कोपरा लागल्यावर जे तारे चमकतात ना, ते हाडाचे नसतात, बरेचसे या आवरणाचे.)

म्हणून आप्पा पडले तेव्हा हाडाबरोबर या रक्तवाहिन्याही फाटल्या, तिथे रक्त साकळलं, आणि आवरणातून आणि हाडाच्या पोकळीतल्या मगजातून कामगार पेशी धावल्या. त्यांनी आधी काय घातलं माहितीये का, बऱ्याचदा मोडलेल्या जागी आधी मऊ कूर्चाच तयार होते, तात्पुरत्या सेंटरिंगसारखी, मग तिच्या जागी कच्चं हाड आणि मग पुढे कित्येक महिने त्याची घडाई. प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं असं नाही, आत अजून मिस्तरी चालू आहेत. या घडाईत दोन टोळ्या असतात. एक हाड खाणारी, ही पेशी मोठी, अनेक केंद्रकांची, आम्ल सोडून जुनं हाड विरघळवते. दुसरी हाड घालणारी. खाणाऱ्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरणाऱ्यांना तीन-चार महिने लागतात. आणि हे न मोडलेल्या हाडातही जन्मभर चालू असतं, मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो.

आता मायची गादी. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलीमीटर जाडीचा गुळगुळीत पांढरा थर असतो, हीच कूर्चा, शाळेच्या पुस्तकात हिला कास्थी म्हणतात. तिच्यात रक्तवाहिनी नाही. नस नाही. सांध्यातल्या कूर्चेवर तर आवरणही नाही, असतं तर घासून गेलं असतं. म्हणजे मेन लाइनच नाही आणि बियाणंही नाही. तिच्या पेशी मोजक्या, लांब लांब, आणि त्यांचं पोट सांध्यातल्या वंगणासारख्या पाण्यावर. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, पाणी बाहेर, पाऊल उचललं की पाणी आत, त्याच पाण्यातून पेशीला अन्न मिळतं. वजनाने बघितलं तर तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते धरून ठेवणारे मोठे रेणू आणि त्यांना बांधणारं कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं. झीज होते म्हणजे हे जाळं उसवतं, पाणी धरवत नाही, आणि उसवलेलं शिवायला येणार कोण? रक्तच नाही तर साकळायला काही नाही, हाक ऐकून येणारं कोणी नाही.

तुम्ही विचाराल की नस नाही तर मायला दुखतं कसं? दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. म्हणून तर दुखायला लागेपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते. एक्स-रेमध्ये पण कूर्चा दिसत नाही, दोन हाडांमधली फट दिसते आणि ती कमी झाली की डॉक्टर म्हणतात गादी झिजली.

जखम खोल जाऊन हाडापर्यंत पोचली तर मात्र तिथे रक्त येतं आणि खड्डा भरतो, पण भरतो तो जाड धाग्यांच्या हलक्या प्रतीच्या कूर्चेने. काही ऑपरेशनमध्ये सर्जन मुद्दाम हाडाला बारीक भोकं पाडतात ते याचसाठी, पण ते ठरावीक छोट्या जखमेला, सगळ्या गुडघ्याच्या झिजेला नाही. मायला झेपेल तेवढं रोज चालू द्या, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, वजन जास्त असेल तर ते उतरवा. खाटेवर बसवून ठेवलं तर स्पंजचं पाणी हलणार कसं?

प्रश्न: सर मी नववीत आहे. पुस्तकात हाड आणि कास्थीच्या पेशींची चित्रं आहेत ती माझी नेहमी उलटसुलट होतात. लक्षात कसं ठेवायचं?
– शिरपूरचा एक विद्यार्थी

उत्तर: पाठ नको करू रे, कारण समजून घे. कूर्चेत भोवतालचा माल मऊ, लवचिक, त्यामुळे पेशीला आत राहूनच दोन व्हायला जागा मिळते, दोनाच्या चार होतात, म्हणून स्लाइडमध्ये त्या गोलसर आणि दोन-दोन चार-चारच्या घोळक्यात दिसतात, भुईमुगाच्या शेंगेत दाणे बसतात तशा. हाडात भोवती कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट, तिथे पेशीला फुटता येत नाही, म्हणून ती एकटी, आणि हात पसरलेली, कोळ्यासारखी. घोळका दिसला की कास्थी, कोळी दिसला की हाड. यावरूनच हेही कळतं की कास्थी आतून फुगून वाढू शकते, हाडाला मात्र कुठल्या तरी पृष्ठभागावरच थर चढवावा लागतो.

आणि घरी मटण झालं की ताटातली नळी नुसती ठोकून मगज खाऊ नको, आधी बघ. टोकाला निळसर पांढरी चकचकीत टोपी असते ती सांध्याची कूर्चा, दाताखाली कुरकुरते. बोकड कोवळा असेल तर शिजल्यावर टोकाचा गोळा आपोआप सुटून येतो, तिथे वाढीची कूर्चा होती. तुझ्याही हाडांत ती आत्ता आहे, उंची तिच्यामुळे वाढते, आणि ती पूर्ण हाडाची झाली की उंची थांबली. मग कोंबडीच्या तंगडीचं साफ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, मधे एकदा व्हिनेगर बदल. क्षार विरघळून जातील आणि हाड रबरासारखं वाकेल, उरलं ते कोलॅजन. दुसरं हाड आईला विचारून चुलीत जाळ, कोलॅजन जळेल, आकार तसाच राहील पण बोटाने चुरा होईल. हाड या दोन्हींची भागीदारी आहे हे परत कधी विसरणार नाहीस. कान मात्र नुसता दुमडून सोड, लगेच जागेवर येतो कारण त्यातल्या कूर्चेत ताणणारे धागे जास्त असतात.

प्रश्न: गुडघ्यासाठी पायाचं सूप पितो, त्यातली कूर्चा आपल्या गुडघ्यात जाते ना? आणि बोटं मोडल्याने सांधे झिजतात का?
– एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर: ताई, सूप बिनधास्त प्या, काळा मसाला असेल तर मलाही बोलवा, पण पोटाला ते गुडघ्याचं आहे की पाठीचं हे कळत नाही. कोलॅजन पचून त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते जिथे लागेल तिथे वापरतं, गुडघ्याचा पत्ता त्यावर लिहिलेला नसतो. माझ्या ओळखीच्या एकाने गावात आलेल्या विक्रेत्याकडून "गादी भरून देणारं" तेल घेतलं होतं, महिनाभर चोळलं. मालिश छान झाली, एवढंच.

बोटं मोडताना होणारा कट्कट् आवाज सांध्यातल्या पाण्यात विरघळलेल्या वायूच्या फुग्याचा असतो, त्याने सांधे झिजतात असं दिसून आलेलं नाही. दुखत असेल, सूज असेल तर मात्र दाखवा.