उघड्या टपाची जुनी गाडी घेताना

चि. बेटा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जळगावच्या नोकरीत तू रुळलीस हे वाचून बरं वाटलं. चार लाख साठलेत, त्यात उघड्या टपाची जुनी गाडी घ्यायची आहे आणि घरी सगळे म्हणताहेत की एवढ्यात चांगली हॅचबॅक येते, असं तू लिहिलंस. घरच्यांची समजूत तू घाल, गाडीचं मी सांगतो. तुझी हौस मला मनापासून पटली आहे. डिसेंबरात पहाटे शहाद्याहून तोरणमाळच्या वाटेला लागायचं, हूड, म्हणजे कापडी टप, मागे गुंडाळलेलं आणि सातपुड्याचा गारवा थेट तोंडावर! यासाठी कुणी चार पैसे जास्त घातले तर ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पण गाडी अशी घे, जी आपल्या खान्देशात, इथल्याच गॅरेजवाल्याच्या हातून नीट राहील. आणि तुझ्या पैशात अशी एकच गाडी मला दिसते: मारुतीची सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची, जिप्सी.

कारण सांगतो. साध्या कारमध्ये टप, खांब आणि तळाचा पत्रा मिळून गाडीचा सांगाडा होतो. टप काढला की त्या सांगाड्याची ताकदच जाते. म्हणून परदेशी कन्व्हर्टिबल बनवताना कंपन्या दारांखालचे उंबरे आणि तळ मुद्दाम जाड करतात. जिप्सीला खाली शिडीसारखी स्वतंत्र चेसिस आहे आणि बॉडी तिच्यावर बसवलेली आहे. सगळा भार चेसिस घेते, त्यामुळे वर कापड असो की पत्रा, गाडीच्या मजबुतीत फारसा फरक पडत नाही. ही गाडी 1985 च्या डिसेंबरात आली ती 970 सीसीच्या इंजिनावर. 1996 मध्ये 1.3 लिटरचं इंजिन मिळालं आणि 2000 मध्ये त्यातच 16 व्हॉल्व्हचं, 80 हॉर्सपॉवरचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, इंजिन आलं. तू 2000 नंतरचीच बघ. कार्बोरेटरची जिप्सी स्वस्तात मिळेल, पण कार्बोरेटर कानाने ट्यून करणारे हात आता कमी राहिलेत आणि जे आहेत ते थकलेत.

मात्र तिच्याकडून कारच्या आरामाची अपेक्षा ठेवू नकोस. चारही चाकांना पाटे आहेत. पारोळ्याहून अमळनेरला जाताना प्रत्येक खड्डा तुझ्या पाठीला कळेल. पेट्रोलही बरंच पिते. रोज ऑफिसला जायला तुझी स्कूटी राहू दे, ही गाडी सुट्टीची. आणि मागची आडवी बाकं बघून भाच्यांना भरून हायवेला कधी निघू नकोस. तिथे धड पट्टे नसतात, या गाडीत एअरबॅग नाहीत आणि वर कापड आहे. पुढे दोघं, पट्टा लावून, हे मी तुला बजावून सांगतो. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकी वाचवणारी जाड लोखंडी नळी, बसवलेला असेल तर तो चेसिसला पक्का बांधलाय की नुसता पत्र्यावर उभा केलाय, हे वाकून बघ.

आता तुला दुसरी काय काय आमिषं दाखवली जातील ते सांगतो.

सगळ्यात आधी कुणीतरी टप कापलेली मारुती 800 किंवा झेन आणेल. रंग चकचकीत, सीट लाल, किंमत निम्मी. तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. वर सांगितलं तसा तिचा सांगाडाच कापलेला असतो. खड्ड्यात चाक गेलं की दार अडकतं, काही दिवसांनी काच तडकते, आणि धडकेत काय होईल ते मला लिहवत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेला मूळ साचा बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा गाडीचं फिटनेस कधीही अडेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करेल. सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या जीपचंही तेच. दिसायला दणकट, पण आरसीवर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच.

सॅन स्टॉर्म नावाची एक देशी दोन सीटची गाडी होती. फायबरची बॉडी, रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. दिसायला फार गोड. फायबर गंजत नाही हे खरं, पण तडकतं. आता त्या गाडीचा दिवा किंवा काच शोधायला भारतभर फोन करावे लागतील. ज्याला गाडी जपून ठेवायची आहे त्याने ती घ्यावी. तुला फिरायचंय.

बटण दाबलं की टप आपोआप डिकीत जातो, अशा जुन्या जर्मन गाड्या मुंबईत कधीकधी आश्चर्य वाटेल अशा किमतीत दिसतात. त्या टपाला हायड्रॉलिक पंप असतो, सिलिंडर असतात आणि प्रत्येक सांध्यावर छोटे छोटे स्विच. त्यातला एक बिघडला तरी टप अर्ध्यात थांबतो. भुसावळात भर जूनमध्ये, आभाळ भरून आलेलं असताना तो अर्ध्यात थांबला तर कुणाला हाक मारशील? एक हिशेबही ऐकून ठेव. 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क एप्रिल 2022 पासून साध्या कारला 5,000 झालं आणि आयात चारचाकीला 40,000. 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते दुप्पट झालं. म्हणजे गाडी स्वस्त, बाकी सगळं महाग.

महिंद्राच्या थारचं तू विचारलंस. 2010 ते 2020 मधली जुनी डिझेल थार चांगलीच गाडी आहे. चेसिसवरची, कापडी टपाची, आणि तालुक्यातालुक्याला तिच्यावर हात चालवणारे मेकॅनिक आहेत. तुझं बजेट वाढलं तर मी तिलाच हो म्हणेन. चार लाखांत मिळणारी थार मात्र बहुधा कुठेतरी उलटलेली किंवा पुरात बुडालेली असेल.

जिप्सी कुठून घ्यायची यावर माझं ठाम मत आहे. एमएच 18, 19, 39, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारची, फार तर मराठवाडा-विदर्भातली. आपल्याकडे पाऊस कमी, हवा कोरडी, पत्रा टिकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गची किंवा गोव्यात भाड्याने फिरलेली गाडी फोटोत कितीही देखणी दिसली तरी खारी हवा तिला खालून खात असते. आपल्याकडच्या गाडीला शत्रू दुसरे: ऊन, धूळ आणि उंदीर. एप्रिल-मेमध्ये जळगावात पारा 45 च्या आसपास जातो. अशा उन्हात चार-पाच उन्हाळे उभी राहिलेली गाडी असेल तर रेक्झिनचं हूड पापडासारखं कडक होतं आणि घडीवर तुटतं. खळ्यात किंवा गोदामात ठेवलेली असेल तर उंदरांनी हूड घडीच्या आतून कुरतडलेलं असतं आणि ते घडी उलगडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून गाडी बघायला गेलीस की पहिलं काम, हूड पूर्ण काढायला लाव आणि परत चढवायला लाव. मालकाने नाही, तू स्वतः चढव. टिचबटणं सगळी बसतात का? एखादं बसत नसेल तर कापड आटलंय, नाहीतर लोखंडी कमानी वाकल्यात. दोन्ही गोष्टी वाईटच, पण कमान वाकलेली असेल तर गाडी कधीतरी उलटलेली असू शकते, म्हणून तिथे थांबून नीट चौकशी कर. शिवणीवर बोट फिरव. दोरा नखाने तुटत असेल तर पहिल्याच वळवाच्या पावसात शिवण उसवेल. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी आणि धुरकट झाली असेल तर रात्री मागच्या ट्रकचे दिवे नुसते पसरट दिसतात. नवी बसवावीच लागते. तरीही हूड खराब आहे एवढ्यावरून गाडी सोडू नकोस. धुळ्या-जळगावात चांगले कुशनवाले आहेत, माप घेऊन नवं शिवून देतात. तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग.

दुसरं काम जमिनीवर झोपून. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्यावर बसण्याआधी त्याचे खूर उचलून बघतो, तसं तू आधी गाडीचा तळ बघ. पायाखालचं मॅटिंग उचल. खाली ओल असेल, कुबट वास असेल, तर पाणी हुडातून येऊन तिथे साठत आलंय. तळाच्या पत्र्याला असलेली पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलीत का ते बघ. टॉर्च घेऊन चेसिस पुढून मागपर्यंत तपास, विशेषतः पाटे जिथे टांगलेत तिथे. ताज्या काळ्या रंगाला भुलू नकोस, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोक. निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द आवाज देतं. वेल्डिंगची रेघ दिसली तर कारण विचार. बाजूच्या पत्र्यावर साधं लोहचुंबक फिरव. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स दुरुस्त होतो, पण चेसिस सडली असेल तर ती गाडी संपली. तिथे दयामाया नको.

इंजिन थंड असताना सुरू कर. मालकाने तू येण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावून कळेल. चहा पी, थांब, थंड होऊ दे. मग भर दुपारी लळिंगच्या चढावर घेऊन जा. मुंबई-आग्रा रस्त्यावर त्या चढात दुसऱ्या गिअरमध्ये दमवून बघ. तापमानाचा काटा तिथे जागेवर राहिला तर आपल्या उन्हाळ्यात ती टिकेल. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा फोर व्हीलचा दांडा टाकून मऊ मातीत थोडी चालव. ज्यांनी वर्षानुवर्षं तो दांडा हलवलाच नाही त्यांच्या गाडीत तो जाम असतो. बहुतेक जिप्सींत एसी नसतो, असला तर मागाहून बसवलेला. त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस. मार्चनंतर दहा ते सहा ती गाडी बाहेर काढायचीच नाही, हे मनाशी धरूनच घे.

आता कागद. इथे घाई केलीस तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाईल. आरसीवर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे हार्ड टॉप असेल आणि समोर कापडी हुडाची गाडी उभी असेल, तर परत फिर. चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाच, आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा आहेत का ते बघ आणि परिवहनच्या संकेतस्थळाशी जुळव. तिथेच थकलेले चलान आणि बँकेचा बोजाही दिसतो. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत पैसे नाहीत. 15 वर्षं उलटलेली असतील तर पुढच्या 5 वर्षांची नोंदणी आणि हरित कर मालकानेच भरलेला हवा. "तुम्ही करून घ्या, सोपं आहे" याला हो म्हणू नकोस. नाव बदलाचे फॉर्म 29 आणि 30 मालकासमोर बसून भरा. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि इथला रोड टॅक्स वेगळा.

लष्कराच्या लिलावातली जिप्सीही कुणी दाखवेल. चेसिस बऱ्याचदा चांगली निघते, पण लिलावाची पावती आणि नंतर नागरी नोंदणी झालेली असेल तरच. आणि तो हिरवा रंग तुला कितीही आवडला तरी ठेवता येणार नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम आहे.

पैशांचं असं कर. चार लाखांपैकी गाडीला तीनच ठेव. उरलेल्या लाखात टायर, हूड, ब्रेक, पाट्यांचे बुश आणि विमा. टायर वरून नवे दिसले तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाच, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. गाडी घेतलीस की सावलीची जागा आधी शोध, शेड असेल तर उत्तम. हूड ओलं असताना कधी गुंडाळू नकोस, बुरशी धरतं. प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नकोस, आपली काळी धूळ तिच्यावर चरे पाडते. पाणी ओतून धू.

घाई मात्र करू नकोस. दिवाळीनंतर भाव चढतात, कारण तुझ्यासारखीच हौस थंडीत सगळ्यांना येते. मेच्या उन्हात उघडी गाडी कुणाला नको असते, तेव्हा मालक ऐकून घेतो. तोपर्यंत चार गाड्या नुसत्या बघून ये, हूड चढव-उतर करून हात बसव. पसंत पडली की चेसिस नंबरचा आणि तळाचा फोटो मला पाठव. मी आमच्या गॅरेजच्या पोराला घेऊन धुळ्याहून येतो. तो खाली झोपून बघेल, मी मालकाशी बोलेन. तोवर बयाणा म्हणून हजार रुपयेसुद्धा देऊ नकोस.

तुझे,
आबा