बोटाच्या पेरावर मावणारा सरडा खरंच आहे का?

हो खरंच आहे, आणि तो पिल्लू नाहीये. नाव ब्रुकेसिया नाना (आपल्या नानांशी संबंध नाही, लॅटिनमध्ये नाना म्हणजे बुटकी 😄), मादागास्करच्या उत्तरेला सोराता म्हणून डोंगर आहे तिथल्या पावसाळी जंगलात, साधारण १३०० मीटर उंचीवर सापडला. आपल्याकडे घोयरा म्हणतात ना, त्याच शॅमेलिऑनच्या कुळातला, पण रंग मातकट तपकिरी.

नराचं नाकापासून बुडापर्यंतचं माप १३.५ मिमी, शेपटी धरून २२ च्या आसपास. मादी जरा मोठी, शेपटीसकट २९ मिमी.

आता एवढुसा जीव बघितला की कोणीही म्हणेल पिल्लूच असणार, म्हणून शास्त्रज्ञांनी मादीचा मायक्रो सीटी स्कॅन केला तर पोटात दोन अंडी दिसली, आणि नराचे जननेंद्रियं पूर्ण वाढलेले, तेही शरीराच्या मानाने बरेच मोठे, म्हणजे दोघंही वयात आलेले. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जर्मन अभ्यासक फ्रँक ग्लॉ आणि टीमला हे २०१२ मध्ये मिळाले, रिसर्च पेपर आला २०२१ ला.

फक्त ही एकच जोडी हातात होती, त्यामुळे 'जगातला सगळ्यात छोटा सरपटणारा प्राणी' हे छातीठोकपणे सांगायला मी जरा कचरतो.