कमजोर मुळात पोस्ट बसवताना
बघ की, पोस्टनं (रूट कॅनल झालेल्या दाताच्या मुळात बसवायची काडी) मूळ मजबूत होतंय हे आधी डोक्यातनं काढ, ते फक्त कोअर, म्हणजे कॅपखाली बांधलेला दाताचा गाभा, धरून ठेवतंय. खरी ताकद फेरुलची, म्हणजे कॅपनं कवेत घेतलेल्या शाबूत दाताच्या कड्याची; हिरडीच्या वर चहूबाजूनी १.५ ते २ मिमी दात नसेल तर लांबून, निपाणी-खानापूरहून आलेल्या पेशंटला आधीच सांग, क्राउन लेंग्थनिंग (हिरडी, गरजेनुसार हाड कापून दात जास्त उघडा करणं) लागेल नाहीतर दात काढावा लागेल. कॅनल (मुळातली पोकळी) रुंद असला म्हणून जाड मेटल पोस्ट ठोकू नको, पाचरीसारखं मूळ चिरतंय. कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) भिंतीला चिकटू नये म्हणून कॅनलला ग्लिसरीन लाव, फायबर पोस्टवर कंपोझिट चढवून तिथलाच आकार घे, ग्लिसरीन धू, मग रेझिन सिमेंटनं पोस्ट चिकटव. खाली ४-५ मिमी जीपी (गटापर्चा, कॅनल भरायचं रबरासारखं मटेरियल) राहू दे. युजेनॉलवालं (लवंगतेलातलं द्रव्य असलेलं) सीलर, म्हणजे जीपीभोवतीची फट भरणारी पेस्ट, भिंतीला राहिलं की बॉन्डिंग बिघडतंय, नवी पोरं इथंच घाई करतात. आणि रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लाव रे, पेशंट कुरकुरला तरी.