बोलेरोला दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर पुढे घालावेत की मागे? आणि टायर फिरवून, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करून, काही फायदा होतो का?

मागे. टायरवाला काहीही सांगो, घरातलं मोठं माणूस काहीही सांगो, नवी जोडी मागेच घाला.

तुम्ही लिहिलंय की गाडी ५२,००० चालली, मागचे दोन्ही टायर गोटा झालेत, पुढच्यांची नक्षी अजून निम्मी आहे, आणि दुकानदार म्हणतो नवे दोन पुढे टाकू. हेच वाक्य मी कणकवलीत एका टायरच्या दुकानात उभं राहून ऐकलं होतं, आणि सांगणारे माझे सख्खे भावोजी होते.

२०१८ सालची गोष्ट. आंब्याचा हंगाम तोंडावर होता आणि हातात दोनच टायरांचे पैसे होते. भावोजींनी वीस वर्षं ट्रक चालवलाय, त्यामुळे गाडीच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "नये टायर फुडेच घालूचे. फुडचो फुटलो तर गाडी हातात ऱ्हवाची नाय. मागचो फुटलो तर नुसती बसता." दुकानदारानेही मान डोलावली. मला पटलं नव्हतं, पण चारचौघांत त्यांच्यासमोर कसं बोलणार? पुढे कोरी जोडी चढली आणि मागे जेमतेम दोन मिलिमीटर नक्षीचे जुने टायर तसेच राहिले.

जूनमध्ये मिरग लागून दोन दिवस झाले होते. शेवटच्या पेट्या कोल्हापूरला उतरवून मी राधानगरी, दाजीपूर करत परत येत होतो. गाडी रिकामी, शेजारी आई. फोंडा घाटाच्या तोंडाशी सर आली. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल, धूळ आणि दरडीची तांबडी माती, सगळ्याचा मिळून लगदा होतो त्या पहिल्या पावसात. मी उतरणीला तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. वेग कमी, ब्रेकला पायही लावलेला नव्हता. डावं वळण होतं. क्लच सोडला आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे निघाली. पुढची चाकं रस्ता घट्ट धरून होती, स्टिअरिंग माझं ऐकत होतं, पण मागे काय चाललंय त्यावर माझा काहीएक ताबा नव्हता. गाडी आडवी होऊन समोरच्या लेनमध्ये गेली आणि मागचा उजवा कोपरा कठड्यावर आदळून थांबली. समोरून तेव्हा एसटी येत नव्हती, म्हणून हे लिहितोय. आईचं मनगट मुरगळलं. पावसाळी हवेत ते अजून ठणकतं.

हे का झालं ते मला नंतर समजलं. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन फक्त मागच्या चाकांना जोडलेलं असतं. घाटात तुम्ही खालचा गिअर टाकता तेव्हा इंजिन गाडीला रोखून धरतं, पण ती सगळी रोख दोन मागच्या टायरांवर येते. पुढच्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यात बोलेरोचं इंजिन पुढे, मागे मालासाठीचे कडक पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), आणि माल उतरवलेला. मागच्या चाकांवर वजन कमी, टायर गुळगुळीत, खाली तेलकट पाणी. ब्रेकला हात न लावता मागची चाकं सुटायला एवढं पुरतं. एबीएस असतं तरी इथे उपयोग नव्हता. ते ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही, क्लच सोडल्यामुळे चाक सुटलं तर ते काय करणार.

पाण्यावर तरंगण्याचंही तसंच. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल खाचा असतात, त्या खालचं पाणी बाहेर फेकतात. खाच उथळ झाली की टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. पुढचे टायर चढले तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी वळायची सोडून सरळ जाऊ लागते, तुम्हाला कळतं आणि पाय आपोआप सैल होतो. मागचे चढले तर आधी काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा गाडी फिरलेली असते. म्हणून चांगली जोडी मागे. हे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाही लागू आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर मागे ताकदही आहे आणि इंजिनाची रोखही, मग वादाला जागाच कुठे राहिली?

भावोजींचा नियम खोटा नाही, तो ट्रकचा आहे. ट्रकला मागे जोडचाकं असतात, एक फुटलं तर शेजारचं भार घेतं. पुढे मात्र एका बाजूला एकच टायर आणि त्याच्यावर स्टिअरिंग. म्हणून ट्रकवाले पुढे कोरे घालतात आणि रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) मागे. तो नियम उचलून रिकाम्या बोलेरोला लावला, इथे चूक झाली. आणि फुटण्याचं म्हणाल तर टायर फुटतो कमी हवेने, जास्त मालाने, उन्हाने आणि वयाने. फुटेल अशी भीती असलेला टायर पुढेही नको आणि मागेही नको.

आता फिरवण्याबद्दल. फायदा होतो, पण वेळेवर केलं तर. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला मागचे दोन सरळ पुढे आणायचे, पुढचे दोन तिरके मागे न्यायचे: पुढचा डावा मागे उजवीकडे, पुढचा उजवा मागे डावीकडे. पुढचे टायर घाटातल्या वळणांनी कडांना झिजतात, मागचे ताकद लावून एकूणच लवकर झिजतात. फिरवल्याने ते सारखे होतात आणि कमी झिजलेली जोडी आपोआप मागे जाते. बोलेरोची स्टेपनी पूर्ण मापाची असते, तिलाही यात घ्या: पुढचा डावा मागच्या दारावर, स्टेपनी मागे उजवीकडे. नाहीतर ती दारावर ऊन खाऊन म्हातारी होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही कोरी दिसली तरी बाजूच्या भेगा तपासा.

तुमच्या गाडीला मात्र आत्ता फिरवाफिरवी नको. गोटा झालेले काढून टाका, नवे मागे घाला, पुढचे पुढेच राहू द्या. मागचे जास्त वेगाने झिजतील, पण चारही सारखे व्हायला बराच वेळ लागेल. सारखे झाले की मग फिरवायला लागा. पुढच्यांची एकच कड खाल्ली गेली असेल तर आधी अलाइनमेंट करून घ्या.

आपल्याकडे हे काम मिरगाआधी उरकावं, आणि पुन्हा एकदा दिवाळीनंतर. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्याने नट आणि ड्रम असे गंजतात की वर्षभर चाक काढलं नाही तर घाटात पंक्चर झाल्यावर व्हील पान्यावर उभं राहूनही नट सुटत नाही. चाक काढलंच आहे तर रिम बसते ती जागा तारेच्या ब्रशने घासून घ्या. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, शेवटचा पीळ मशीनने नको, पान्याने हातानेच द्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुढच्यांची नक्षी खरंच निम्मी आहे का, हे मोजून घ्या. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, खाचेतल्या उंचवट्याला नक्षी टेकली की तेवढीच उरली असं समजा. पण कोकणातल्या पावसात मी तीनच्या खालचा टायर पुढेही ठेवणार नाही, उधारी करून चारही घेईन. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरके फिरवू नका, त्याच बाजूला पुढे-मागे करा. मागे एक नवा आणि एक जुना अशी जोडी कधीच नको, दोन बाजूंच्या चाकांचा घेर वेगळा झाला की डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाला) सरळ रस्त्यावरही काम लागतं. आणि फोर बाय फोर असेल तर मी वर लिहिलेलं दोन टायरांचं गणित बाजूला ठेवा, तिथे चारही सारखेच लागतात.

दुकानात नेताना सोबत कोणी जाणतं माणूस असेल आणि ते "नवे पुढे" म्हणालं, तर तिथेच बोला. मी गप्प बसलो आणि त्याची किंमत आईने मोजली. त्या अपघातानंतर भावोजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुका घाटात गाडी चालवूक येना नाय." दर गणपतीला आरतीनंतर ते कोणीतरी काढतंच. टायरांबद्दल आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.

ताई हे उत्तर वाचेल आणि त्यांना दाखवेल. भावोजी, त्या दिवशी काटा तीसच्या वर नव्हता. आईला विचारा, ती शेजारी बसली होती.