पलटणीतले पणजोबा आणि आगबोटीवरचे काका: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आताच्या इराकमध्ये) होते असं घरात सगळे सांगतात. कागद होते ते 2021 च्या पुरात गेले, एक चांदीचं मेडल माळ्यावर होतं म्हणून वाचलं. पलटण कुठली तेही माहीत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: मेडल आहे ना, मग बरंच काम झालं. पण आधी ते चिंच लावून घासायला घेऊ नका हां! कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, ती झिजली तर संपलं. भिंग घ्या, उजेडात तिरकं धरा आणि मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा.

नावापेक्षा नंबर आणि पलटण महत्त्वाची, कारण सखाराम आणि धोंडू तर प्रत्येक वाडीत दोन-चार. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या आकड्यांपुढे मराठा असेल तर 1922 साली या सगळ्या पलटणी एकत्र करून 5 वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, म्हणजे आजची बेळगावची मराठा. तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासकट पत्र टाका, सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या साध्या शिपायाची फाइल मिळेलच असं धरून बसू नका. 111 महार असेल तर ती पलटण 1917 ला उभी राहिली आणि 1921 ला मोडली, आताची महार रेजिमेंट 1941 ची, वेगळी.

पणजोबा तिकडेच गेले की परत आले हे आधी घरात नीट विचारा, कारण त्यावरच रस्ता बदलतो. तिकडे वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर फुकट शोधता येतं. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसं नोंदलेली आहेत, पण दगडावर नावं कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि आपल्या अधिकाऱ्यांची, आपल्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा (हे वाचून मला अजूनही राग येतो). नावं रजिस्टरात आहेत आणि ती आता साइटवर दिसतात, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं असतं. इराकमधल्याच कूतचा वेढा 29 एप्रिल 1916 ला संपला आणि आतली इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली, त्यात 103, 110 आणि 117 वाले मराठे होते, कैदेत खूप माणसं मेली, तेव्हा मृत्यूची तारीख त्यानंतरची दिसली तरी नोंद सोडू नका.

शोधताना जिल्हा जुना टाका. सिंधुदुर्ग टाकलंत तर काही येणार नाही, 1981 पर्यंत तो रत्नागिरीतच होता, सावंतवाडी तर संस्थान, आणि रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. स्पेलिंग चार-पाच तऱ्हेने करून बघा, पवारचं पोवार, जाधवचं जाधो, लिहिणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

प्रश्न: आजीचे काका आगबोटीवर आगवाले (भट्टीत कोळसा टाकणारे) होते, न्यूयॉर्कला उतरले ते परतलेच नाहीत. अमेरिकेच्या ड्राफ्टमध्ये (सक्तीच्या सैन्यभरतीच्या नोंदणीत) त्यांचं नाव आहे असं भाचा म्हणतो. म्हणजे ते तिथल्या सैन्यात होते का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर: नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आपल्याकडे इंग्रजांनी सक्तीची भरती केली नाही (दबाव असायचा तो भाग वेगळा), अमेरिकेत मात्र 1917-18 मध्ये तीन वेळा नोंदणी झाली, शेवटची 12 सप्टेंबर 1918 ला, 18 ते 45 वयाच्या पुरुषांची, परदेशी माणसांनाही नाव द्यावं लागलं. अशी सुमारे 2 कोटी 40 लाख कार्डं आहेत. त्यातले प्रत्यक्ष सैन्यात गेले ते थोडेच.

तरी कार्ड जरूर मिळवा, फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या साइटवर फुकट आहे. पहिल्या दोन नोंदणींच्या कार्डांवर जन्मगाव विचारलंय, तिसरीच्या कार्डावर ते नाही पण जवळच्या नातेवाईकाचं नाव-पत्ता आहे, तिथे राजापूरचं कोणी निघालं तर माणूस तोच. शिवाय 27 एप्रिल 1942 ला 45 ते 64 वयाच्यांची नोंदणी झाली, काका तोवर तिथे असतील तर तेही बघा, त्यात जन्मठिकाण असतं आणि ज्याला त्यांचा पत्ता कायम माहीत असेल अशा माणसाचं नावही. बहुतेकदा हा खानावळवाला नाहीतर सोबतचा खलाशी, त्याच्या नावाने शोधलं की पुढचा धागा लागतो.

खरंच सैन्यात गेले असतील तर फाइलची आशा कमीच ठेवा, सैनिकांच्या फाइली ठेवलेल्या सेंट लुईसच्या सरकारी इमारतीला 1973 च्या जुलैत आग लागली आणि 1912 ते 1960 च्या दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फाइली गेल्या. आणि हो, शोधताना जन्मवर्ष अगदी नेमकं टाकू नका, पाच-सात वर्षं मागेपुढे बघा, त्या पिढीचं वय अंदाजानेच लिहिलेलं असायचं.