दोन वर्षांत त्याच्याशी कोणी भांडलंच नव्हतं

"मॅडम, आता बरा आहे पोरगा. जेवते, झोपते, गोळ्या घेते. पण कामाले कवा लागन?" मानसिक आजारातून सावरणाऱ्या कुणाची तरी आई हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला विचारते. पोरगा शेजारी मान खाली घालून म्हणतो, "हिंमत आली की जाईन." हिंमतीची वाट पाहण्यात वर्षं निघून जातात, म्हणून एकाची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं गाव. हा आयटीआय करून पुण्याकडे कंपनीत लागला, तिथे भास होऊ लागले, भाऊ जाऊन घेऊन आला. उपचारांनी आजार आटोक्यात आला, पण माझ्याकडे आला तेव्हा घरी बसून दोन वर्षं झाली होती. आई किराणा आणायलाही पाठवत नसे. "त्याले टेन्शन नको म्हणून डॉक्टरनं सांगतलं." सगळं घर त्याच्याशी हळू आवाजात बोलायचं.

मी त्याची समजूत घालत बसले नाही. हाताला काम लागलं की मन मागून येतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. आईला विचारलं, "वेचलेल्या कापसाचा काटा, म्हणजे वजन, कोण करतं?" "मीच करतो." "यंदा त्याला करू द्या. संध्याकाळचा एक तास, बस."

पुढच्या भेटीत तो खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलला. "एक म्हातारी भांडली, मॅडम." गाठोडं काट्याला अडकवून त्यानं वहीत अठ्ठावीस किलो लिहिलं होतं. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून रे, माह्या अर्धा किलो खाल्ला का? पुन्हा लटकव." पुन्हा लटकवलं, साडेअठ्ठावीस भरलं. सगळ्या बायांसमोर त्यानं आकडा खोडून नवा लिहिला.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाही. दोन वर्षांत माह्याशी कोणी भांडलंच नोतं."

हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलंय. घरच्यांना मी वर्षानुवर्षं "समजून घ्या" असं सांगत आले, आणि समजून घेता घेता घर त्या माणसाला हिशोबातूनच वगळतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारीसाठी तो आजारी नव्हता, काटा करणारा होता, आणि चुकला तर त्याला जाब विचारता येत होता. त्याला काट्यापाशी उभं करायचं मला सुचलं, याचं समाधान आजही वाटतं.

तेव्हा घरच्यांनो, एक खरं काम त्याच्यावर सोपवा. ज्यात चूक झाली तर कुणाला तरी फरक पडेल असं. वेळ थोडी पण ठरलेली ठेवा. काम सुरू झालं म्हणून गोळ्या मात्र बंद करू नका. गोळ्यांमुळे याच मुलाचा हात थरथरायचा, मोटर रिवाइंडिंगची, म्हणजे मोटरमध्ये नव्यानं गुंडाळायची, बारीक तार धरवत नव्हती. त्यानं स्वतः गोळ्या सोडल्या नाहीत, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदलून दिलं. सकाळी झापड येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

"एवढे दिवस कुठं होता?" असं मालक विचारणारच. "तब्येत बिघडली होती, उपचार झाले, आता काम करू शकतो." एवढं उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. आजाराचं नाव चौकात सांगायला आपण बांधील नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी नोकरीतल्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वेचणी संपल्यावर तो तालुक्याला एका रिवाइंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस जाऊ लागला. पावसाळ्यात झोप उडाली. झोप उडणं ही त्याच्या आजाराची पहिली खूण, ती त्यानं स्वतःच ओळखली, दवाखाना गाठला, चार दिवस घरी राहिला आणि पुन्हा कामावर गेला. मालकानं चार दिवसांचे पैसे कापले. मला सांगताना त्याचा आवाज चढला होता.

"बोललास त्यांच्याशी?" मी विचारलं.

"उद्या बोलतो," तो म्हणाला. "वहीच घेऊन जातो संगं."