मागचा काय ठेवून गेला?

मागच्या अंकात मी एक ओळ सहज लिहून गेलो होतो. २०१८ च्या आधी इंग्लंडला फुटबॉल वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत किंवा त्याच्या पुढं नेणारे दोनच मॅनेजर झाले, १९६६ चा आल्फ रॅम्से आणि १९९० चा बॉबी रॉब्सन, आणि दोघंही त्या नोकरीवर इप्सविच टाउनमधूनच गेले. त्यावर बरेच प्रश्न आलेत, म्हणून हा अंक सगळा इप्सविचच्या मॅनेजरांना देऊन टाकतो. ज्यांना मँचेस्टर आणि लिव्हरपूलच हवंय त्यांनी पुढच्या महिन्यात भेटा.

प्रश्न : इप्सविच म्हणजे नक्की कुठलं, आणि एवढ्याशा क्लबला असे मॅनेजर मिळाले कसे? नशीब का?

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक म्हणून परगणा आहे, शेतीवाडीचा भाग, तिथलं हे गाव. स्टेडियमचं नाव पोर्टमन रोड. क्लब जुना आहे पण प्रोफेशनल झाला थेट १९३६ ला, म्हणजे बाकीचे क्लब ट्रॉफ्या मोजत होते तेव्हा हे लोक अजून हौशी फुटबॉल खेळत होते.

नशीब असेल थोडं, पण माझं मत विचाराल तर खरं कारण मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही, बोर्डरूममध्ये होतं. कॉबोल्ड नावाचं बिअर बनवणारं घराणं, त्यांची ब्रुअरी होती, आणि क्लब पिढ्यानपिढ्या त्यांच्याच हातात. या लोकांना मॅनेजर काढायची सवयच नव्हती. स्कॉट डंकन १९३७ ला मँचेस्टर युनायटेड सोडून इथं आला (हो, बरोबर वाचलंत, युनायटेड सोडून), दुसऱ्याच वर्षी क्लबला फुटबॉल लीगमध्ये घेतलं गेलं, आणि हा माणूस १९५५ पर्यंत मॅनेजर राहिला, मधे महायुद्ध येऊन गेलं तरी. मॅनेजरकी सोडल्यावरसुद्धा घरी नाही गेला, सेक्रेटरी म्हणून तिथंच बसून राहिला आणि नवीन आलेल्या रॅम्सेला कागदपत्रांच्या कटकटीतून मोकळं ठेवलं. आजच्या क्लबमध्ये जुना मॅनेजर शेजारच्या खोलीत बसलाय ही कल्पना तरी करवते का?

त्या घराण्यातल्या चेअरमनच्या नावावर एक किस्सा कायम सांगतात. क्लबमध्ये क्रायसिस आहे का असं कुणीतरी विचारलं तर म्हणे, आमच्याकडं व्हाइट वाइन संपली तरच क्रायसिस.

प्रश्न : १९६१-६२ ला इप्सविच फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदाच आले आणि पहिल्याच सीझनला चॅम्पियन झाले असं वाचलं. हे खरं आहे का आणि कसं काय जमलं?

शंभर टक्के खरं. आधी क्रम बघा म्हणजे रॅम्सेचं काम कळेल, १९५७ ला थर्ड डिव्हिजन साउथ जिंकली, १९६१ ला सेकंड, १९६२ ला फर्स्ट. ४२ मॅचमध्ये ५६ पॉइंट, तेव्हा विजयाला दोनच पॉइंट मिळायचे हे लक्षात घ्या. बर्नली ५३ वर दुसरे, आणि त्याच्या आदल्या वर्षी लीग आणि एफए कप (नॉकआउट स्पर्धा) असं डबल मारलेली टॉटनहॅम तिसरी.

कसं जमलं? रॅम्सेकडे पैसे नव्हते, स्टार नव्हते, फुकटात किंवा स्वस्तात आलेले प्लेअर होते, ज्यांना दुसऱ्यांनी मोडीत काढलं होतं असे. त्यातला एक जिमी लेडबेटर. काटकुळा, वयानं तिशी ओलांडलेला, आणि लेफ्ट विंगर असून वेग जवळपास नाहीच. आता असल्या विंगरचं काय करायचं? रॅम्सेनं त्याला मागं ओढला. त्या काळात प्रत्येक टीमचा राइट बॅक समोरच्या विंगरला चिकटून राहायचा, ते ठरलेलंच असायचं, आणि इथं विंगर जागेवरच नाही, तो मिडफिल्डमध्ये मोकळा उभा. बॅक त्याच्या मागं गेला तर मागं भगदाड, नाही गेला तर लेडबेटर निवांत मान वर करून बॉल टाकणार, आणि पुढं दोन दांडगे स्ट्रायकर वाटच बघतायत, रे क्रॉफर्ड आणि टेड फिलिप्स. क्रॉफर्डनं त्या सीझनला लीगमध्ये ३३ मारले, फिलिप्सनं २८. शेवटच्या दिवशी ॲस्टन व्हिला २-० हरली, दोन्ही गोल क्रॉफर्डचे. युक्ती म्हणून बघितली तर अगदी साधी आहे, पण आपल्याकडच्या माणसातली कमी हेच त्याचं हत्यार करायचं हे डोकं प्रत्येकाला नसतं.

पण याचं उत्तर फार दिवस लपून राहिलं नाही. ऑगस्ट १९६२ ची चॅरिटी शील्ड (लीग चॅम्पियन विरुद्ध एफए कप विजेते), पोर्टमन रोडवरच, टॉटनहॅमच्या बिल निकल्सननं आपले मिडफिल्डवाले थेट लेडबेटरवर सोडले आणि ५-१ नं धुतलं. तिथून प्रत्येकाला औषध कळलं. तरी त्याच सीझनला युरोपियन कपमध्ये माल्टाच्या फ्लोरियानाला घरी १०-० मारलं, पुढं मिलानकडून हरले, आणि मिलाननं तो कप जिंकला. रॅम्से तोवर इंग्लंडच्या टीमचा मॅनेजर व्हायला निघालाच होता.

प्रश्न : इप्सविचचा सगळ्यात वाईट मॅनेजर कोण? तुमचं स्पष्ट मत हवंय.

आकडे बघितले तर जॅकी मिलबर्न, वादच नाही. रॅम्सेनंतर हा आला. १९६३-६४ च्या सीझनला ४२ मॅचमध्ये १२१ गोल खाल्ले, बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) फुलहॅमकडून १०-१, टेबलात तळाला, चॅम्पियन झाल्यापासून दोन वर्षांत खाली. सप्टेंबर १९६४ मध्ये स्वतःच राजीनामा देऊन निघून गेला.

पण माझं मत वेगळं आहे आणि तेच या पत्रांच्या निमित्तानं मला लिहायचंय. मॅनेजरला जोखताना आपण तो काय जिंकला बघतो, मी बघतो मागचा त्याच्यासाठी काय ठेवून गेला. मिलबर्न म्हणजे न्यूकॅसलचा लाडका, तीन एफए कप जिंकलेला स्ट्रायकर, माणूस सरळ. त्याच्या हातात काय आलं? म्हातारी झालेली टीम आणि सगळ्यांना पाठ झालेली युक्ती. रॅम्सेनं ते अकरा-बारा जण पिळून घेतले आणि खालून नवीन कुणी तयार करायला वेळच मिळाला नाही, किंवा केला नाही म्हणा. मी रॅम्सेचा भक्त आहे पण त्या १२१ मधले निम्मे तरी गोल त्याच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही. (संतापून पत्र लिहिणार असाल तर पाकिटावर 'रॅम्से' लिहा, मी वेगळी थप्पी करतो.)

प्रश्न : रॉब्सन १३ वर्षं होता आणि लीग एकदाही जिंकली नाही. मग एवढं कौतुक कशासाठी? पुतळा काय, स्टँडला नाव काय.

पुतळा रॅम्सेचाही आहे, स्टँडही आहे. पण तुमचा प्रश्न रास्त आहे, लीग नाही जिंकली हे खरंच.

रॉब्सन जानेवारी १९६९ ला आला तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि नुकताच फुलहॅमनं काढून टाकलेला. मधल्या काळात बिल मॅकगॅरीनं टीम १९६८ ला परत वर आणून ठेवली होती, त्याचं नाव कुणी घेत नाही बिचाऱ्याचं. रॉब्सनची पहिली चार वर्षं काही ग्रेट नव्हती. १९७१ ला घरच्या मैदानावर लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून हरले आणि पब्लिकनं त्याच्या नावानं शिमगा केला, काढा म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी बोर्डाची मीटिंग, रॉब्सन गेला असेल पोटात गोळा घेऊन, आणि चेअरमन जॉन कॉबोल्ड काय करतो, तर प्रेक्षकांच्या वागण्याबद्दल बोर्डाच्या वतीनं मॅनेजरची माफी मागतो आणि ती मिनिट्समध्ये नोंदवायला लावतो! दुसरा कुठलाही क्लब असता तर गोष्ट तिथंच संपली असती आणि आज रॉब्सन कोण म्हणून विचारावं लागलं असतं.

पुढचं बघा मग. १९७३ ते १९८२ या दहा सीझनमध्ये नऊ वेळा पहिल्या सहात. एकदाच घसरले, १९७८ ला, अठरावे आले, आणि त्याच वर्षी एफए कप जिंकला, आर्सेनलला १-०, रॉजर ऑस्बोर्नचा गोल, आणि गोल मारल्यावर ऑस्बोर्नलाच घेरी आली आणि त्याला बाहेर काढावं लागलं. अशा गोष्टी कुणाला सुचून लिहिता येत नाहीत.

सगळं मुख्यतः घरच्या पोरांवर. १३ वर्षांत त्यानं पैसे मोजून आणलेले प्लेअर चौदाच, असं कायम सांगितलं जातं. बाकी केविन बीटी, जॉन वार्क, जॉर्ज बर्ली, टेरी बुचर, सगळे क्लबच्या युथमधून. आणि जे आणले ते काय, १९७८ आणि ७९ ला हॉलंडचे दोघं, आर्नल्ड म्यूरन आणि फ्रान्स थायसन, तेव्हा इंग्लंडमध्ये परदेशी प्लेअर म्हणजे कौतुकाचा विषय होता. तोवर बॉल मिडफिल्डच्या डोक्यावरून जायचा, या दोघांनी तो जमिनीवर आणला.

१९८०-८१ चा सीझन मात्र अजून लागतो मनाला. लीग, एफए कप, यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा), तिन्हीकडं शेवटपर्यंत, साठाच्या वर मॅच आणि टीम छोटी. एफए कपची सेमी एक्स्ट्रा टाइममध्ये मँचेस्टर सिटीकडून गेली. लीग ॲस्टन व्हिलाला गेली, त्याच व्हिलाला इप्सविचनं त्या सीझनला तीनदा हरवलं होतं, दोनदा लीगमध्ये आणि एकदा कपमध्ये. पाय थकले, दुसरं काही नाही. यूएफा कप तेवढा हाताला लागला, एझेड अल्कमारला घरी ३-० आणि तिकडं २-४, एकूण ५-४. वार्क मिडफिल्डर असून त्या स्पर्धेत १४ गोल, युरोपातल्या एका सीझनच्या रेकॉर्डशी बरोबरी. ते रेकॉर्ड होतं अल्ताफिनीचं, १९६२-६३ चं, मिलानसाठी. हो, तीच मिलान, इप्सविचला बाहेर काढून कप जिंकलेली. पुढच्या वर्षी परत दुसरे, आणि १९८२ ला रॉब्सन इंग्लंडच्या टीमकडं.

आता माझा तोच हट्ट, ठेवून काय गेला? टीम चांगली ठेवली, पण क्लबनं त्याच सुमारास मोठा नवा स्टँड बांधायला घेतला, पैसे लागले, आणि रॉब्सनचाच कोच असलेल्या बॉबी फर्ग्युसनच्या नशिबी एकेक करून माणसं विकली जाताना बघणं आलं. म्यूरन, ॲलन ब्राझील, थायसन, वार्क, मॅरिनर, सगळे गेले. १९८६ ला टीम खाली. फर्ग्युसनला कुणी पुतळा नाही उभारला.

प्रश्न : जॉर्ज बर्लीबद्दल थोडं सांगा, माझ्या लहानपणीचा इप्सविच तोच.

माझाही. त्याच्या आधी जॉन लायलनं १९९२ ला प्रीमियर लीगमध्ये आणून ठेवलं होतं. बर्ली १९९४ च्या शेवटी आला आणि दोन-तीन महिन्यांत मँचेस्टर युनायटेडकडून ९-० खाल्ले, अँडी कोलचे पाच. खाली गेले, मग १९९७, ९८, ९९ सलग तीन वर्षं प्लेऑफच्या (वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅच) सेमीमध्ये आपटले. चौथ्या वर्षी, २००० ला, वेम्बलीवर बार्न्सलीला ४-२ हरवून वर. आणि वर आल्याआल्या प्रीमियर लीगमध्ये पाचवे! बर्लीला मॅनेजर ऑफ द इयर. पुढच्या सीझनला यूएफा कपमध्ये इंटर मिलानला घरी १-० मारलं, आणि त्याच सीझनला लीगमधून खाली. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याला काढलं, २००३ च्या सुरुवातीला क्लब दिवाळखोरीच्या कारभारात. पाचव्या नंबरावर भाळून खर्च केला तो नडला.

प्रश्न : रॉय कीन तिथं मॅनेजर होता म्हणे? कसा होता?

होता, एप्रिल २००९ ते जानेवारी २०११. रागीट चेहरा आणि टीम टेबलाच्या मधोमध. जॉर्डन ऱ्होड्स नावाचं घरचं पोरगं हडर्सफील्डला स्वस्तात विकलं, ज्यानं तिकडं जाऊन गोलांचा पाऊस पाडला, आणि त्याचे वडील इप्सविचमध्येच गोलकीपिंग कोच होते. पुढं.

प्रश्न : मिक मॅकार्थीला लोकांनी हाकललं ते बरोबर होतं का?

नव्हतं आणि होतं. नोव्हेंबर २०१२ ला आला तेव्हा टीम चॅम्पियनशिपच्या (प्रीमियर लीगच्या खालची डिव्हिजन) तळाला, सीझन संपला तेव्हा चौदावी. हातात पैसे नगण्य, तरी २०१५ ला सहावा नंबर, डॅरिल मर्फीचे २७ गोल, प्लेऑफमध्ये मात्र नेमकं शेजारच्या कट्टर वैरी नॉर्विचकडून हार, आणि नॉर्विचकडून हरणं म्हणजे काय हे सफोकच्या माणसाला विचारा. पुढं फुटबॉल कंटाळवाणं झालं, स्टँड रिकामे, पब्लिक वैतागलं, २०१८ च्या एप्रिलमध्ये एक मॅच जिंकल्यावर पत्रकारांसमोरच तो निघतो म्हणाला. बदल हवा होता हे मान्य. पण त्यानंतर पॉल हर्स्ट आला, जुने विकून खालच्या डिव्हिजनमधले भरले, आणि ऑक्टोबरपर्यंत एकच विजय घेऊन घरी. मग पॉल लॅम्बर्ट (नॉर्विचचा माजी मॅनेजर, तोही तिखटमीठ म्हणून) आणि २०१९ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, १९५७ नंतर पहिल्यांदा. मॅकार्थी ती गळकी बोट एकटा उपसत होता हे तो उतरल्यावर कळलं.

प्रश्न : मग मॅकेनाचं काय? दोन प्रमोशन आणि लगेच रेलिगेशन, फ्लॉप का हिट?

किरन मॅकेना डिसेंबर २०२१ ला आला तेव्हा ३५ वर्षांचा, म्हणजे रॉब्सन आला त्याच वयाचा, आणि मॅनेजर म्हणून पहिलीच नोकरी. स्वतःचं खेळणं कमरेच्या दुखापतीनं २२ व्या वर्षीच संपलेलं. २०२३ ला ९८ पॉइंट आणि १०१ गोल मारून वर, २०२४ ला ९६ पॉइंट घेऊन परत वर, बावीस वर्षांनी प्रीमियर लीग. त्याच्या टीमचा लेफ्ट बॅक लीफ डेव्हिस त्या चॅम्पियनशिप सीझनला १८ असिस्ट (गोलाआधीचा पास) देऊन बसला, लेफ्ट बॅक! डावीकडून लेडबेटर मागं यायचा आणि डेव्हिस पुढं जायचा, एवढाच काय तो साठ वर्षांतला फरक.

प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी ४ जिंकल्या, २२ पॉइंट, एकोणिसावे, २०२५ ला खाली. ज्या मालकांनी त्याला आणला त्यांनी त्या उन्हाळ्यात त्याला काढलं नाही. माफी मिनिट्समध्ये नोंदवली की नाही माहीत नाही.